आवाज येईना

निहारच्या लॅपटॉपची केबल श्रीरंगरावांनी टीव्हीला जोडली, तरी पडद्यावर ‘नो सिग्नल’च. मुलगा जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याचे व्हिडिओ त्यांना एकदा मोठे करून बघायचे होते. रिमोटवरून दुसरं इनपुट निवडल्यावर चित्र उमटलं, पण आवाज येईना.

चाचपडत त्यांनी सेटिंगमध्ये लॅपटॉपच्या स्पीकरऐवजी टीव्ही निवडला. त्याच क्षणी निहारची हाक घरभर घुमली, “आई, भूक लागली गं!”

“आले रे, पोळी तव्यावर आहे!” स्वयंपाकघरातून शकुताई बोलून गेल्या.

मग पोळी करपल्याचा वास आला. श्रीरंगराव केबल उपटायला धावले, तोच त्या दारात आल्या. पडद्यावर निहार हसत होता.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “त्याला परत एकदा हाक मारू द्या.”