चिंचेने घासलेला सम्राट

"अगं, काय केलंस हे!" अप्पा किंचाळलेच. लक्ष्मीपूजनाला देवापुढे ठेवायचं म्हणून जुन्या नाण्यांच्या डब्यातून काढलेलं रोमन नाणं बायकोने ताम्हनाबरोबर चिंच लावून लख्ख घासलं होतं. येईल त्याला अप्पा ज्याचं कौतुक ऐकवत, तो दोन हजार वर्षांचा हिरवा थर मोरीतून वाहून गेला होता.

त्यांनी नाण्यावर भिंग धरलं. सम्राटाचं नाक शाबूत होतं. कडेला मात्र जोडाची बारीक रेघ चकाकत होती. रोमन नाणी हातोड्याने ठोकून पाडलेली. अशी रेघ राहते ती साच्यात ओतलेल्या नकलेवर. अप्पांच्या तोंडचं पाणी पळालं.

"एवढं काय झालं? चिंच उरलीय, डब्यातली बाकीची पण द्या की!"

अप्पांनी डबा पोटाशी घट्ट धरला.