भान सुटून

न्यायाधीशांनी शिक्षा वाचून दाखवली तेव्हा नात आजीच्या मांडीवर बसली होती. घरी तिला सांभाळायला आता दुसरं कुणी नव्हतं.

"मावशी, जन्मठेप नाही झाली. सात वर्षं," वकीलबाई हळूच म्हणाल्या. "जावयाने तुमच्या लेकीचा जीव घेतला तो रागाच्या भरात, भान सुटून, असं कोर्टाने धरलंय. ठरवून नाही."

"बरं," आजी म्हणाली. उद्या दूध येणार नाही असं कळल्यावर म्हणावं, तसं.

"जरा रडा तरी हो. मोकळं वाटेल."

"रडते की. घरी गेल्यावर."

समोर आरोपीच्या पिंजऱ्यात जावयाने सुस्कारा टाकला. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या आणि काड्या मिटून तो जपून खिशात ठेवला.

आजीची मांडी एकदम हलकी झाली. नात बाकाखाली शिरली होती, दोन्ही हात डोक्यावर घेऊन.

"अगं, काय झालं?"

"तूपण ये ना, आजी," ती कुजबुजली. "आई सांगायची, बाबांनी चष्मा काढून ठेवला की लगेच लपायचं."