हलू नकोस

पडद्यावर शाल्मली नाचत होती, आणि प्रेक्षकांत खुर्चीत बसलेली शाल्मली काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून ते पहिल्यांदाच बघत होती. ओल्या शाडूवर तिने नाचायचं, छताला टांगलेल्या कॅमेऱ्याने ते टिपायचं आणि उमटलेल्या ठशांतून हेरंबने शिल्प ओतायचं, असा दोघांचा बारा वर्षांचा संसार. तिच्याशिवाय मातीत कुणाचं पाऊल पडायचं नाही आणि फिल्म कुठेही कापायची नाही, हे ठरलेलं.

पडद्यावर ती घसरली. गुडघा कडकन मोडला. "हलू नकोस!" हेरंब ओरडला.

त्या दोन शब्दांवर तिने पुढची तीन वर्षं काढली होती. आपल्या पायाला धक्का लागू नये म्हणून किती कळवळला होता तो! त्यानंतरचं तिला काही आठवत नव्हतं. शुद्धच हरपली होती.

ते आज दिसलं. हेरंब धावला, पण मातीच्या कडेशी थबकला. मग कुठूनशा दोन लांब फळ्या आणून त्याने माती दबू नये अशा बेताने या कडेपासून त्या कडेपर्यंत टाकल्या, आणि तोल सावरत तिच्यापर्यंत पोचला. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात अकरा मिनिटं गेली होती. मातीत त्याचं एकही पाऊल नव्हतं.

टाळ्या थांबेनात. हेरंब ओल्या डोळ्यांनी शेजारी येऊन बसला.

"कुठे कापलं नाही, बघ." मग तिच्या काठीकडे तो बराच वेळ बघत राहिला. "पुढच्या कामात ही घेऊ या, शालू. ओल्या मातीत हिचं टोक सुरेख उमटेल."