आत राहिलेला कागद

घडी घालताना गोधडी वाजली.

आईने हात थांबवला. पुन्हा दाबून पाहिलं. कुर्र. कापूस वाजत नाही, अस्तर वाजत नाही. कागदच तो.

"झालं!" ती म्हणाली आणि मटकन पलंगावर बसली.

तीस चौकोन, तीस तऱ्हांचे, नऊ वर्षांचं काम. कागदाचे आकार कापायचे, त्यांच्यावर कापड दुमडून कच्चं टाचायचं, तुकड्याला तुकडा जोडायचा आणि सगळ्या बाजू जोडल्या गेल्या की मागून कागद ओढून काढायचा. असे हजारभर कागद तिने काढले असतील. एक राहिला. आणि आता मागून अस्तर लागलं होतं, किनार शिवून झाली होती, आणि पाच वाजता लेक टेम्पो घेऊन सामान न्यायला येणार होती. नवं घर, नवा नवरा. दुसरा.

"राहू दे की, वहिनी," नणंद म्हणाली. ती सकाळपासून मदतीला म्हणून आली होती आणि अजून खुर्चीतून उठली नव्हती. "कागदच आहे, साप नाही. एकदा धुतली की लगदा होईल त्याचा."

"आणि तोवर? आज अंगावर घेतली की वाजेल ना!"

"वाजू दे. नवऱ्याच्या घोरण्यापुढे कुणाला ऐकू येतंय?"

आईला हसू आलं नाही. ती उठली, खिडकीपाशी गेली, रस्ता बघून परत आली. गोधडी पलंगावर पसरली आणि एकेक चौकोन तळहाताने चाचपायला लागली. पहिली ओळ गप्प. दुसरीही गप्प. पुन्हा उठली, पुन्हा घड्याळ.

"अगं, बस ना एका जागी. बघून मलाच धाप लागली."

"वन्सं, तुम्हाला माहीत नाही तो कसला कागद आहे."

"कसला?"

आई चौथी ओळ चाचपत राहिली. मग तिकडेच बघत म्हणाली, "पहिल्या लग्नाच्या पत्रिका. दोनशे उरल्या होत्या. जाड होत्या, धार कशी छान धरायच्या. तिला सांगितलं, रद्दीत घातल्या. टाकवेनात हो मला."

नणंदेने कपाळावर हात मारला. "धन्य आहेस बाई!"

ते स्थळ आईनेच आणलं होतं. लेक नको म्हणत होती. 'भेटून तर बघ' म्हणता म्हणता आईने तारीख पक्की केली, हॉल घेतला, पत्रिका छापल्या. वर्षाच्या आत मोडलं. लेक बॅग घेऊन परत आली आणि तेव्हापासून तिने एका शब्दानेही आईला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. त्याची वाट बघून आई पार थकून गेली होती.

बाविसाव्या चौकोनात कुर्र झालं. अगदी मधला षट्कोन, निळ्या ठिपक्यांचा. वरचे टाके तिने शिवणी धरून घातले होते, म्हणून तिथे सुई पोचलीच नव्हती. आईने छोटी कात्री उचलली आणि एक टाका कापला. तेवढ्यात दार उघडलं.

"टेम्पोवाला आधीच आला," लेक म्हणाली. मग तिला कात्री दिसली. "आई! काय करतेस? झाली होती ना ती?"

"मी चहा टाकते," नणंद म्हणाली आणि दिवसभरात पहिल्यांदाच खुर्चीतून उठली.

आईने सगळं सांगितलं. थांबत थांबत, गोधडीकडे बघत. लेक शेजारी बसली. बोटाने षट्कोन दाबला. कुर्र. पुन्हा दाबला.

"कुणाचं नाव आहे त्याच्यावर?"

"कुणास ठाऊक. कापताना बघायचे नाही मी."

"त्याचं असेल तर राहू दे आत. रोज पाय ठेवून झोपेन त्याच्यावर." लेकीने हसायचा प्रयत्न केला, पण हसू आलं नाही. "माझं असेल तर काढ."

आईने आणखी चार टाके उसवले. बोट आत जाईना, म्हणून चिमट्याने ओढलं. षट्कोनी तुकडा बाहेर आला. ती तो खिडकीपाशी घेऊन गेली, चष्मा पुसला आणि तुकडा उजेडात धरला.

"कुणाचं?" लेकीने विचारलं.

"माझं," आई म्हणाली. "खाली असतं ना छापलेलं, बोलावणाऱ्यांचं."

आतून कपबशांचा आवाज येत होता. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. आई परत पलंगापाशी आली. तुकडा तिने तळहातावर धरला होता.

"टाकून देऊ, का परत आत ठेवू?" ती म्हणाली. "तू सांग."

लेकीने मान वर केली.

"हे तेव्हा विचारायचं होतंस."

आवाज चढलेला नव्हता. आईने फक्त मान हलवली. हो, तेव्हाच. डोळे भरून आले तरी पुसायला तिने हात उचलला नाही.

खालून पुन्हा हॉर्न वाजला. लेकीने आईच्या तळहातावरचा तुकडा घेतला, उसवलेल्या फटीतून आत सरकवला, आणि आईला टाके घालता यावेत म्हणून शिवण चिमटीत धरून बसून राहिली.