काचेवरची गाठ

किशोरनं खिशातून रुमालात गुंडाळलेली डबी काढली आणि काचेच्या खिडकीतून आत बसलेल्या बाईकडे दिली. रुख्मिणीबाई बाकावरून उठल्या.

"काय देल्लं रे तिले?"

"काई नाई आई. बस तू."

पोळ्याच्या सणापासून रुख्मिणीबाई मुलाकडून हेच उत्तर ऐकत होत्या. त्यांच्या मानेला गाठ आली होती. अमरावतीच्या डॉक्टरनं सुई घालून पाहिली आणि टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, गाठ मात्र तेवढीच राहिली. शेवटी डॉक्टरनं ती काढूनच टाकली. साधी गाठ होती, असं किशोर म्हणाला.

गाठ गेली आणि घरात कुजबुज सुरू झाली. फोन वाजला की किशोर गोठ्याकडे जायचा. सून सीमा सासूला पाहून बोलता बोलता थांबायची, पदर सावरत निघून जायची. एक दिवस रुख्मिणीबाईंच्या पेटीतलं आधार कार्ड आणि फोटो गायब झाले. विचारलं तर किशोर म्हणाला, "सरकारी योजनेले लागते."

केशवरावांच्या पोरांनीही असंच म्हटलं होतं. केशवराव म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. पोरांनी योजनेचं नाव सांगून बापाला कचेरीत नेलं, सह्या घेतल्या, आणि घरी परतेपर्यंत केशवरावांच्या नावावर शेताचा एक धुरा, एक बांधही उरला नव्हता. अचलपूरजवळची संत्र्याची बाग रुख्मिणीबाईंच्या नावावर होती. नवरा गेल्यावर त्यांनीच ती जगवली होती. त्यांनी पेटीला कुलूप घातलं. सीमाच्या हातचा चहा बंद केला. भावाला सांगून ठेवलं, "दादा, मले काई झालं त पोलिसात जाजा."

आणि आज किशोर त्यांना एसटीत बसवून अकोल्याला घेऊन आला होता. गाठ काढली ती जागा इथल्या डॉक्टरणीला दाखवायची, म्हणे. अमरावतीत काय डॉक्टर नव्हते? शेजारच्या दारावर वकिलाची पाटी होती. जिना चढतानाच त्यांनी ती वाचली होती.

थोड्या वेळानं आतून किशोरला बोलावणं आलं. एकट्याला. तो आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. रुख्मिणीबाईंनी दोन्ही पायांत चपला नीट अडकवल्या, दार ढकललं आणि त्या सरळ आत शिरल्या.

आत पलंग नव्हता. औषधाची एक बाटली नव्हती. दोन बाजूंनी डोळे लावायचा एक मायक्रोस्कोप, त्याच्या एका बाजूला इथल्या डॉक्टरीणबाई, डॉक्टर इफ्फत, आणि समोर खाली मान घातलेला किशोर.

"पलंग नाई, औषध नाई. तुमी कायच्या डाक्टर?"

"मावशी, मी गाठीतल्या पेशी बघून आजार ओळखते."

"मॅडम, नका सांगू," किशोर मधेच म्हणाला. "हात जोडतो तुमाले."

ज्याची भीती होती तेच रुख्मिणीबाईंच्या कानावर आलं. त्यांचा आवाज फाटला.

"काय नका सांगू? बाग कोनाच्या नावावर केली, थे?"

डॉक्टर इफ्फत एकदा किशोरकडे, एकदा रुख्मिणीबाईंकडे पाहू लागल्या.

"किशोरजी, गाठ यांची आहे," त्या म्हणाल्या. "मी आपणहून सांगितलं नसतं. पण या विचारतायत, तर मी खोटं बोलणार नाही. या मावशी. इथे डोळे लावा."

आधी नुसता जांभळा उजेड दिसला. मग मोहरी सांडावी तसे बारीक, एकसारखे ठिपके.

"हे चांगले. गाठीत असतातच," डॉक्टर दुसऱ्या बाजूनं म्हणाल्या आणि त्यांनी काच सरकवली. ठिपक्यांच्या गर्दीत एक मोठी पेशी आली. तिच्यात दोन गोल होते, आणि प्रत्येक गोलात एक गडद बुबुळ.

"हे कोन, दोन डोयाची?"

"हिच्यासाठीच तुमच्या गाठीचे काप या काचांवर लावून त्या डबीतून इथवर आणले. सुईत ही सापडली नव्हती. अख्खी गाठ पाहिली तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरांना संशय आला. आत्ता मी पाहिलं, माझीही खात्री झाली. मावशी, हा कॅन्सर आहे, गाठींचा. एक तपासणी अजून करू, म्हणजे प्रकार पक्का होईल. औषधं बरेच महिने चालतील, त्रास होईल. पण यातून पुष्कळ लोक बरे होतात."

रुख्मिणीबाईंनी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले नाहीत.

"आधार कार्ड काहून नेलं?" त्यांनी तसंच वाकून विचारलं.

"या उपचाराचीच योजना हाये, आई. मी सांगितलं नाई, तू हाय खाशील म्हणून."

"आन् सीमा?"

"तिले तुयासमोर रडू आवरत नाई. म्हणून पयते ती."

रुख्मिणीबाई सरळ झाल्या. भिंतीला टेकून किशोर हमसून हमसून रडत होता. त्या त्याच्यापाशी गेल्या, त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला, आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांनाच धाप लागली. डॉक्टर इफ्फत घाईनं खुर्चीवरून उठल्या.

"मावशी, बसा आधी. मी काय सांगितलं ते समजलं ना तुम्हाला?"

"समजलं. क्यान्सर हाये." मुलाची हनुवटी त्यांनी अजून सोडली नव्हती. "वाचली मी वं बाई. मले त वाटलं होतं, माया पोट्टा बेइमान निंघाला."