तापलेलं पाणी

बाबांनी थर्मामीटर नदीतून वर काढला आणि गळाची दोरी गुंडाळायला घेतली. "पाणी तापलंय, माशांना दम पुरत नाही. आज मासा धरायचा नाही. धरून सोडला तरी जगायचा नाही."

टेनेसीहून तीन दिवस गाडी चालवून मी त्यांना मोंटानातल्या या नावाजलेल्या नदीवर आणलं होतं. त्यांच्या हातात हाच उन्हाळा आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबांना मात्र घराजवळच्या धरणाखालीच जायचं होतं; तिथं तळातलं गार पाणी सुटतं, ऐन जुलैतही पाय बधिर होतात.

इथं दोन्ही काठांवर माणसांची रांग होती. मी हट्टानं त्यांनीच गळावर बांधलेली पिसांची खोटी माशी पाण्यावर फेकली. ट्राउट मासा गळाला लागला. फोटोसाठी तो बाबांच्या हातात दिला. "हसा ना जरा!" चार फोटो झाल्यावर त्यांनी मासा पाण्यात सोडला, तर तो उलटा झाला.

बाबा गुडघ्यांवर बसले. त्याचं तोंड प्रवाहाकडे करून त्यांनी त्याला दोन्ही तळव्यांत सरळ धरलं. बराच वेळ गेला. आमची जागा कधी रिकामी होते, याकडे शेजारच्यांचं लक्ष होतं.

"बाबा, गेलाय तो. चला."

"थांब रे, कल्ले हलताहेत अजून."

हलत होते ते बाबांचे हात.