ह्यांचा गुन्हा

भाईंदर पूर्वेला अंबिकाची छेड काढणाऱ्या शेजाऱ्याचा खून झाला आणि तिच्या नवऱ्याला, ईश्वरला, जन्मठेप लागली. "मी नाही मारलं त्याला," असं तो पहिल्यापासून सांगत होता. अंबिका मान डोलवायची, पण मनातून तिची खात्री होती की नवऱ्याने हे आपल्यासाठीच केलंय. त्याच अभिमानावर ती ब्लाउज शिवत, मान ताठ ठेवून एकटी जगत होती.

या खटल्यावर पुस्तक लिहिणारी रुचिता एका दुपारी धावतच तिच्या घरी आली.

"वहिनी, ईश्वरदादा निर्दोष आहेत! खून झाला तेव्हा ते मीरा रोडला होते, शेवंती नावाच्या बाईच्या घरी. तिची बदनामी नको म्हणून कोर्टात बोलले नाहीत. आता ती स्वतःच साक्ष द्यायला तयार झालीय. दादा सुटतील!"

अंबिकाने शिलाई मशीन थांबवलं.

"तिच्यासाठी जेल भोगतायत ते?"

"हो ना! इतकी वर्षं."

अंबिकाने सुईखालचा ब्लाउज काढून त्याची नीट घडी घातली. रुचिताला वाटलं, ती आता लगेच नवऱ्याला भेटायला निघणार.

"लिहून घ्या, ताई," अंबिका म्हणाली. "खून करताना ह्यांना मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."